पाचांचा प्याला: उन्हाळ्यातल्या एका रम-सरबताचा इतिहास (मोठा धागा)

१/
मराठवाड्यातील हिंगोली जिल्ह्याच्या सेनगाव तालुक्यात साखरा नावाचे गाव आहे. एप्रिल-मे महिन्यांत या भागात पारा चाळिशी ओलांडतो आणि दारी आलेल्या पाहुण्यापुढे लिंबाचे सरबत ठेवले जाते. लिंबू, साखर, पाणी आणि चिमूटभर मीठ. या मिश्रणात एक जिन्नस वाढवला की तेच सरबत जगभरच्या मद्यगृहांत ‘क्लासिक रम कॉकटेल’ म्हणून ओळखले जाते. हा धागा त्या वाढवलेल्या जिनसाचा आणि त्यासाठी मोजल्या गेलेल्या किमतीचा आहे.

२/
धाग्यात तीन प्रश्न आहेत. पहिला, मद्य, लिंबू आणि साखर एकत्र करण्याची सर्वांत जुनी लेखी नोंद कोठे सापडते? दुसरा, ‘पंच’ हे त्या पेयाचे इंग्रजी नाव खरोखर आपल्या ‘पाच’वरून आले का? तिसरा, हा प्याला घरी कालवण्याचा अधिकार कोणाला मिळाला आणि कोणाचा गेला? पहिल्या दोन प्रश्नांची चर्चा पुष्कळ होते. तिसरा प्रश्न सहसा मागे पडतो.

३/
आधी एक सावधगिरी. ‘साखरा’ हे नाव ऐकताच ‘साखर’ आठवते, पण उच्चारातील साम्य हा व्युत्पत्तीचा पुरावा नव्हे. ‘साखर’ या शब्दाचा प्रवास मात्र नीट सिद्ध झालेला आहे. संस्कृत ‘शर्करा’, प्राकृत ‘सक्करा’, फारसी ‘शकर’, अरबी ‘सुक्कर’ आणि तेथून युरोपातील ‘शुगर’ व ‘अझुकार’. आपल्या ‘खंड’ या शब्दाचा वंशज इंग्रजीत ‘कँडी’ होऊन बसला आहे. शब्द पश्चिमेला गेला, ऊसही गेला आणि पुढे रम होऊन परतला.

४/
गोड-आंबट शीतपेयाची परंपरा या प्रदेशात फार जुनी आहे. बाराव्या शतकाच्या पूर्वार्धात कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने ‘मानसोल्लास’ हा ग्रंथ रचला. कल्याणी म्हणजे आजचे बसवकल्याण. मराठवाड्याचा मोठा भाग तेव्हा याच सत्तेखाली होता. या ग्रंथात अन्नभोगाबरोबर पानीयभोगाचेही स्वतंत्र प्रकरण आहे. ‘पानक’ या शब्दापासूनच मराठीतले ‘पन्हे’ आले. कैरी, गूळ, वेलची आणि पाणी: आंबट, गोड, सुगंध, पातळपणा.

५/
मग ‘रम भारतीयांनीच शोधली’ असे म्हणता येईल का? समाजमाध्यमांवर हा दावा अधूनमधून फिरतो. मनुस्मृतीत सुरेचे गौडी, पैष्टी आणि माध्वी असे तीन प्रकार सांगितले आहेत. गौडी म्हणजे गुळापासून केलेली. परंतु गूळ आंबवणे ही एक क्रिया आणि आंबवलेले द्रावण भट्टीवर चढवून त्याची वाफ गोळा करणे ही दुसरी. रमला दुसरी क्रिया अनिवार्य आहे. गौडीला रमची दूरची नातेवाईक म्हणता येईल, तिची आई म्हणता येणार नाही.

६/
भट्टीच्या क्रियेला अरबीने एक सुंदर शब्द दिला: ‘अरक’, म्हणजे घाम. भांड्याच्या थंड झाकणावर वाफेचे थेंब साचतात, ते घामासारखे दिसतात. हाच शब्द मराठीत ‘अर्क’ म्हणून औषधाच्या बाटलीवर गेला आणि युरोपीय व्यापाऱ्यांच्या तोंडी ‘अरॅक’ झाला. पश्चिम किनाऱ्यावर अरॅक प्रामुख्याने माडाच्या ताडीपासून गाळली जाई. गोव्याची अरॅक सर्वांत नावाजलेली होती.

७/
जॉन फ्रायर हा ईस्ट इंडिया कंपनीचा शल्यवैद्य १६७३ मध्ये हिंदुस्थानात आला. शिवाजी महाराजांच्या राज्याभिषेकाच्या काळात तो याच किनाऱ्यावर होता आणि पुढे जुन्नरलाही जाऊन आला. त्याचे प्रवासवर्णन १६९८ मध्ये छापले गेले. गोव्यातील नेरूळ येथे उत्तम अरॅक तयार होते आणि इंग्रज लोक तिच्यापासून शरीर शिथिल करणारे ‘पाँच’ नावाचे पेय करतात, असे तो नोंदवतो. नाव हिंदुस्थानी ‘पाच’वरून, कारण जिन्नस पाच, हे स्पष्टीकरणही त्याचेच. (हे नेरूळ बार्देशातले, नवी मुंबईतले नव्हे.)

८/
फ्रायरचा दाखला महत्त्वाचा आहे, परंतु तो पहिला नाही. १६३२ मध्ये कंपनीच्या रॉबर्ट अ‍ॅडम्स या नोकराने पूर्व किनाऱ्यावरील पेटापोली येथील सहकाऱ्याला पत्र लिहिले. त्यात ‘पंच’ पिण्याचा उल्लेख अगदी सहज येतो. हे पेय म्हणजे काय, हे सांगण्याची त्याला गरज वाटत नाही. म्हणजे तोवर ते कंपनीच्या वखारींत रुळलेले होते. या पेयाची सर्वांत जुनी ज्ञात लेखी नोंद हीच मानली जाते, आणि तिचा संदर्भ लंडनच्या मेजवानीचा नसून हिंदुस्थानातील वखारीचा आहे.

९/
आता जिनसांची मोजदाद करू. फ्रेंच प्रवासी ला बुले ल गूझ याचे वर्णन १६५३ मध्ये छापले गेले. त्याच्या पेल्यात साखर, लिंबाचा रस, मद्य, जायपत्री आणि भाजलेले बिस्किट आहे. जिन्नस पाच, पण त्यांत पाणी नाही! नंतर बंगालमध्ये आलेला फ्रांस्वा बर्निए अरॅक, लिंबाचा रस, पाणी आणि वरून किसलेले जायफळ सांगतो. ‘बाउल’ म्हणजे वाडगा आणि ‘पंच’ मिळून फ्रेंचांनी या पेयाला ‘बुलपोंज’ म्हटले. बुले ल गूझ तर हा शब्द इंग्रजी असल्याचे बजावून सांगतो.

१०/
मग ‘पाच’वाली व्युत्पत्ती खरी की खोटी? बाजूने दोन गोष्टी आहेत: सर्वांत जुन्या नोंदी हिंदुस्थानातल्या आहेत, आणि इथे राहून गेलेला फ्रायर स्वतः ‘पाच’ म्हणतो. विरोधातही दोन आहेत. जिनसांचा आकडा स्थिर नव्हता; पेशाने वैद्य असलेला फ्रायरही या नावाची तुलना पाच द्रव्यांच्या आणि चार द्रव्यांच्या औषधी मिश्रणांशी करतो. शिवाय सतराव्या शतकातील इंग्रजीत या शब्दाचा उच्चार ‘पुंच’कडे झुकणारा होता, ‘पंच’कडे नव्हे. म्हणून काही कोशकार ‘पंचन’ नावाच्या मोठ्या पिंपाकडे बोट दाखवतात.

११/
इतिहासाच्या विद्यार्थ्याने येथे दोन विधाने वेगळी ठेवावीत. ‘पेयाचा लेखी उगम हिंदुस्थानातील इंग्रज वखारींत आहे’ हे विधान भक्कम आहे. ‘नाव पाचवरून आले’ हे विधान संभाव्य आणि प्रचलित आहे, पण निर्णायक नाही. पहिल्याच्या बळावर दुसरे रेटून नेणे म्हणजे ‘साखरा’ या नावात साखर शोधण्यासारखेच आहे.

१२/
आता मुंबई. १६६१ च्या विवाहतहाने पोर्तुगिजांनी ती इंग्लंडच्या राजाला देऊ केली, १६६५ मध्ये ताबा मिळाला आणि १६६८ मध्ये ती कंपनीकडे आली. येथील पंच-गृहांवर सरकारचे लक्ष होते. १६९४ च्या मुंबई सरकारच्या आज्ञापत्रातील एक नोंद अतिशय बोलकी आहे. खाणावळीत पंच प्यायला आलेल्या माणसाला एक क्वार्ट चांगली गोव्याची अरॅक, अर्धा पौंड साखर आणि अर्धा पिंट लिंबाचे पाणी, म्हणजे रस, मागण्याचा हक्क आहे; पंच त्याने स्वतःच कालवून घ्यावा.

१३/
ग्राहकाच्या हातात मोजलेले जिन्नस देण्यातला हेतू उघड आहे: खाणावळवाल्याने मापात पाप करू नये. पण या नोंदीमुळे आपल्याला मुंबईतली एक नेमकी पाककृतीच मिळते. दोन पिंटांचा एक क्वार्ट होतो. म्हणजे मद्य चार भाग, लिंबाचा रस एक भाग. आजच्या एका पेल्याच्या मापात बसवायचे तर ६० मिली मद्य, १५ मिली लिंबाचा रस आणि, तेव्हाचा क्वार्ट कोणता धरावा त्यानुसार, १२ ते १४ ग्रॅम साखर. हे आकडे लक्षात ठेवावेत. पुढे क्युबात पुन्हा भेटतील.

१४/
या प्याल्याभोवती मृत्यूची छाया होती. जॉन ओव्हिंग्टन हा पाद्री १६८९ मध्ये निघालेल्या सफरीत मुंबई-सुरतेस आला. दोन पावसाळे म्हणजे माणसाचे आयुष्य, अशी मुंबईत म्हण पडल्याचे त्याने लिहून ठेवले. दलदल, ताप आणि हगवण ही मुख्य कारणे होती, पण समकालीन लेखक अतिमद्यपानालाही दोष देतात. बंगालमध्ये बर्निएनेही बुलपोंज जिभेला गोड आणि प्रकृतीला घातक ठरवले. उष्ण हवेत मद्य प्रकृती राखते, असा समज त्या काळी अनेकांचा होता. त्याची परीक्षा दफनभूमीत झाली.

१५/
अरॅक कोणाच्या श्रमांतून येई? माडावर चढून पोय छेदणारे, मडके बांधणारे आणि पहाटे ताडी उतरवणारे हात कोकण किनाऱ्यावर मुख्यतः भंडारी समाजाचे होते. त्यांच्या कौशल्याविना ना ताडी होती, ना गोव्याची अरॅक, ना मुंबईचा पंच. प्रवासवर्णनांत पेयाची चव सविस्तर येते. माडावर चढणारा माणूस बहुधा येतच नाही.

१६/
आता ऊस आणि रम. साखर तयार करताना उसाच्या रसातून दाणे वेगळे काढले की मागे काळा, दाट, गोड द्रव उरतो. मराठीत त्याला मळी म्हणतात. ही मळी आंबवून भट्टीवर गाळली की रम होते. कॅरिबियन समुद्रातील बार्बाडोस बेटावर सतराव्या शतकाच्या मध्यास हा उद्योग आकाराला आला. रिचर्ड लिगन याने १६५७ मध्ये छापलेल्या बार्बाडोसच्या इतिहासात या कडक मद्याचे ‘किल-डेव्हिल’, म्हणजे सैतानालाही मारणारे, असे नाव नोंदवले आहे.

१७/
ती साखर आणि ती मळी आफ्रिकेतून पकडून आणलेल्या गुलामांच्या श्रमांवर उभी होती. ऊस कापला की लगेच गाळावा लागतो, अन्यथा रस बिघडतो. म्हणून हंगामात चरक आणि कढया रात्रंदिवस चालत. झोपेविना काम करणाऱ्यांचे हात चरकात सापडत. पुढे रम हीच आफ्रिकेच्या किनाऱ्यावर माणसे विकत घेण्याचे एक चलन झाली. गोडव्याच्या इतिहासातील हा सर्वांत कडू हिशेब आहे. कोणत्याही ‘क्लासिक’ प्याल्याची गोष्ट तो वगळून सांगता येत नाही.

१८/
अठराव्या शतकात इंग्लंडमध्ये अरॅकच्या जागी हळूहळू रम आली, कारण अटलांटिकपलीकडची रम जवळची आणि स्वस्त होती. १७४० मध्ये अ‍ॅडमिरल एडवर्ड व्हर्नन याने नौसैनिकांची रम पाण्यात मिसळूनच द्यावी असा हुकूम काढला: अर्धा पिंट रमला एक क्वार्ट पाणी, दोन वेळांत विभागून. लिंबू आणि साखर ज्याला हवी त्याने स्वतः घ्यावी. व्हर्ननच्या ग्रोग्रॅम कापडाच्या झग्यावरून या मिश्रणाला ‘ग्रॉग’ म्हणू लागले. ब्रिटिश नौदलातला रमचा रोजचा शिधा ३१ जुलै १९७० रोजी थांबला.

१९/
क्युबातील सांतियागो शहराजवळ दाइकिरी नावाचे गाव आहे. तेथील लोखंडाच्या खाणीवर जेनिंग्ज कॉक्स हा अमेरिकन अभियंता होता. १८९८ च्या सुमारास त्याने रम, लिंबू आणि साखर यांचे मिश्रण केले आणि गावाचे नाव त्याला चिकटले, अशी सर्वमान्य हकीकत आहे. आजच्या प्रचलित प्रमाणानुसार दाइकिरीत ६० मिली रम, २० ते २५ मिली लिंबाचा रस आणि थोडा साखरेचा पाक असतो. मुंबईच्या १६९४ च्या नोंदीशेजारी हे प्रमाण ठेवून पाहावे. लिंबू थोडे वाढले आहे. सांगाडा तोच आहे.

२०/
याचा अर्थ कॉक्सने मुंबईची नक्कल केली असा नाही. मद्य तिखट, लिंबू आंबट, साखर गोड. हे तिन्ही ज्या बंदरांत एकत्र आले तेथे माणसांनी त्यांचा तोल साधलाच. फरक पडला तो थंडाव्यामुळे. १८३३ मध्ये बॉस्टनच्या फ्रेडरिक ट्यूडरचा नैसर्गिक बर्फ जहाजातून कलकत्त्याला पोहोचला आणि पुढे मुंबईतही बर्फगृह उभे राहिले. त्याआधीचा पंच आजच्या अर्थाने ‘गारेगार’ नव्हता. बर्फ पेय थंड करतो आणि वितळताना पाणीही घालतो. पाचांतला एक जिन्नस तो गुपचूप पुरवतो.

२१/
साखऱ्याच्या परिसरात हा इतिहास कोणत्या वाटेने आला? हिंगोली ही हैदराबाद कंटिंजंटची छावणी होती. निजामाच्या राज्यात ब्रिटिश अधिकाऱ्यांच्या हाताखाली असलेल्या या फौजेच्या खर्चापोटी १८५३ च्या तहाने वऱ्हाड इंग्रजांकडे गेले. १९०३ मध्ये फौजेची पुनर्रचना झाली आणि हिंगोलीचे छावणीपण संपले. छावणीतली परवानाधारक विलायती दारू आणि आसपासच्या गावांतली मोहाची किंवा शिंदीची दारू, अशी दोन जगे शेजारी शेजारी नांदत. निजामी राज्यात दोन्हींवर आबकारीचा अंमल होता आणि आबकारी हे खजिन्याचे मोठे साधन होते.

२२/
मद्यावरील बंधने ही इंग्रजांचीच कल्पना होती, असेही मानू नये. पेशव्यांच्या रोजनिश्यांवर लिहिलेल्या प्रस्तावनेत न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांनी पेशवेकालीन मद्यनिर्बंधांची दखल घेतली आहे. पण पेशव्यांची बंदी आणि इंग्रजांची आबकारी यांचे हेतू वेगळे होते. पहिलीला पिणे थांबवायचे होते. दुसरीला पिण्यावर कर हवा होता आणि त्यासाठी गाळण्याची क्रिया सरकारच्या नजरेखाली आणायची होती.

२३/
येथे ‘घरी’ हा शब्द कळीचा ठरतो. १८७८ च्या मुंबई आबकारी कायद्याने ताडीच्या झाडांवरील कर आणि दारू गाळण्याचे परवाने यांची पकड घट्ट केली. लहान भट्ट्या मागे पडल्या आणि मक्तेदारांच्या मोठ्या भट्ट्यांना बळ मिळाले. १८९२ च्या मोहविषयक कायद्याने ठाणे-कुलाबा भागात मोहाची फुले बाळगण्यावरही निर्बंध आले. आदिवासी घरात मोह हे अन्न होते, औषध होते आणि सणाचे पेयही होते. ते उंबऱ्याच्या आत असणेच आता गुन्हा ठरू शकत होते.

२४/
याच काळात दुसऱ्या बाजूनेही आवाज उठला. १८८० मध्ये पुणे नगरपालिकेचे सदस्य असलेले जोतीराव फुले यांनी शहरातील वाढत्या दारू दुकानांविरुद्ध पत्र लिहिले. गरिबांची घरे यात उद्ध्वस्त होतात, हे त्यांचे म्हणणे होते. म्हणजे एकाच आबकारीविरुद्ध दोन तक्रारी होत्या. एक म्हणे, आमची परंपरागत दारू हिरावली. दुसरी म्हणे, आमच्या दारात दुकान आणून बसवले. दोन्ही खऱ्या होत्या, कारण सरकारला घरातली दारू नको होती आणि दुकानातली हवी होती.

२५/
स्वातंत्र्यानंतर १९४९ चा मुंबई मद्यनिषेध कायदा आला. त्याला आव्हान देणाऱ्या एफ. एन. बलसारा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९५१ मध्ये कायद्याचा मोठा भाग कायम ठेवला. मद्यार्कयुक्त औषधी व प्रसाधन द्रव्यांसारख्या काही बाबतींतील तरतुदी रद्द केल्या. १९५६ मध्ये मराठवाडा हैदराबादमधून मुंबई राज्यात आला. १९५४ मध्ये मोहन मीकिनची ‘ओल्ड मंक’ बाजारात आली होती. कसौलीच्या एकोणिसाव्या शतकातील ब्रुअरीशी नाते सांगणाऱ्या या कंपनीची काळी रम पुढे छावण्यांतून घराघरांत पोहोचली.

२६/
मळीचा महाराष्ट्रातील अध्याय सहकाराशी जोडलेला आहे. विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने प्रवरेचा सहकारी साखर कारखाना उभा राहिला आणि १९५० च्या सुमारास त्याचे गाळप सुरू झाले. आज हिंगोली जिल्ह्यातही वसमतचा पूर्णा सहकारी साखर कारखाना आहे. कारखान्यातून निघणाऱ्या मळीचे मद्यार्क, औद्योगिक अल्कोहोल किंवा इंधनातले इथेनॉल होते. ऊस तोडायला मराठवाड्यातूनच हजारो कुटुंबे दरवर्षी कोयता घेऊन बाहेर पडतात. बार्बाडोसची गुलामी आणि ऊसतोड यांना एका तराजूत घालणे चूक ठरेल. पण साखरेच्या प्याल्यात कोणाचा घाम आहे, हा प्रश्न दोन्हीकडे विचारता येतो.

२७/
आता प्रत्यक्ष कृती, १६९४ च्या मापाने. एका पेल्यात १२ ते १४ ग्रॅम साखर (सुमारे तीन लहान चमचे) आणि कागदी लिंबाच्या सालीची एक पातळ पट्टी घ्यावी. चमच्याच्या मागच्या बाजूने साल साखरेत रगडावी. सालीतले सुगंधी तेल साखर ओढून घेते. सालीचा पांढरा भाग टाळावा, तो कडवट असतो. मग १५ मिली लिंबाचा रस घालून साखर पूर्ण विरघळवावी. साखर मद्यात नीट विरघळत नाही, म्हणून क्रम महत्त्वाचा. त्यानंतर ६० मिली रम, १०० मिली गार पाणी, बर्फ आणि वरून किसलेले जायफळ. जिन्नस मोजावेत: पाच भरतात.

२८/
कायद्याची चौकटही याच इतिहासाचा भाग आहे. महाराष्ट्रात रमसारख्या मद्यासाठी किमान वय २५ वर्षे आहे आणि १९४९ च्या कायद्यानुसार पिण्यासाठी परवाना लागतो. विकत घेतलेले मद्य परवान्यासह घरी कालवता येते. घरी गाळणे हा गुन्हा आहे. अनेक गावांत महिलांनी मतदानाने ‘आडवी बाटली’ निवडून दुकाने बंद पाडली आहेत. ज्या घरात दारूने संसार मोडला, तेथे कॉकटेलचा इतिहास गंमत म्हणून सांगता येत नाही. फुल्यांची तक्रार अजून निकाली निघालेली नाही.

२९/
आणखी एक वस्तुस्थिती. मद्य शरीरातील पाणी लघवीवाटे बाहेर टाकण्याचा वेग वाढवते. त्यामुळे चाळीस अंशांच्या उन्हात हा प्याला तहान भागवत नाही. ते काम पाणी, मीठ, साखर आणि लिंबूच करतात. वरच्या कृतीतील रम काढून तेथे थंड केलेला कोरा चहा किंवा कोकमाचा आगळ अंदाजाने घातला, तर तुरटपणाची ती जागा भरून निघते आणि पाच हा आकडाही टिकतो. आगळ खारट आणि आंबट असतो, म्हणून लिंबू निम्मे करावे.

३०/
फ्रायरच्या नेरूळचा वारसा गोव्यात आजही जिवंत आहे, फक्त माडाशेजारी काजू येऊन बसला आहे. काजू मूळचा ब्राझीलचा. पोर्तुगिजांबरोबर तो आला. काजूच्या बोंडूच्या रसाची पहिल्या धारेची सौम्य दारू म्हणजे हुर्राक, ‘अरक’चाच उच्चारभेद. ती ऐन उन्हाळ्यातच मिळते आणि लिंबू, मीठ, हिरवी मिरची व सोडा घालून घेतली जाते. फेणीला २००९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. म्हणजे घरगुती भट्टीची एक दारू कायद्याच्या संरक्षणात आली. ठाणे-कुलाब्यातल्या मोहाच्या वाट्याला १८९२ मध्ये याच्या उलट आले होते.

३१/
या धाग्यावरून कोणाला पुढे शोध घ्यायचा असेल तर तो आपल्या तालुक्यातूनच सुरू करता येईल. गावातले जुने गुऱ्हाळ कोठे होते, त्याची मळी कोण नेई, आबकारीचा नाका कोणत्या वेशीवर होता, शिंदीच्या झाडांचा लिलाव कोण घेई? जिल्हा गॅझेटिअर, निजामकालीन महसुली कागद आणि गावातली ऐंशी पार केलेली माणसे, या तिन्ही ठिकाणी उत्तरे दडलेली आहेत. त्यांतली शेवटची सर्वांत आधी विचारावीत. कागद थांबू शकतात.